नवसागर ते फर्नी : एका वासाचा इतिहास

मागच्या वर्षी आठवीच्या मुलांची सहल घेऊन मुंबईला गेलो होतो. राणीचा बाग, गेटवे वगैरे झाल्यावर मुलांच्या आग्रहाखातर एका मॉलमधल्या कृत्रिम बर्फाच्या दालनात गेलो. बाहेर मे महिन्यासारखा उकाडा होता आणि आत पांढरा बर्फ. भाड्याचे जाड कोट घातलेली पोरे घसरगुंडीवरून किंचाळत खाली येत होती. मी कोपऱ्यात उभा राहून डोकी मोजत होतो. शिक्षकाची सहल डोकी मोजण्यातच संपते. तेवढ्यात मागच्या भिंतीतल्या एका लोखंडी दाराकडे लक्ष गेले. दारावर प्रवेशबंदीची पाटी होती आणि आतून यंत्राची घरघर ऐकू येत होती.

तिथल्या कर्मचाऱ्याला विचारले, "भाऊ, हा बर्फ टिकवायला आत कुठला गॅस वापरतात?"

तो हसला. म्हणाला, "सर, एसीत असतो तोच असेल. आम्हाला कुणी सांगितलं नाही."

त्याच्या उत्तरात खोटेपणा नव्हता, पण ते उत्तर मला बोचत राहिले. कारण त्याच सुमारास मी कॅनडातल्या फर्नी या गावाबद्दल वाचले होते. तिथेही असाच बर्फ होता, असेच दार होते आणि त्या दाराआड तीन माणसे मेली होती.

फर्नीचा तो दिवस

फर्नी हे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले, रॉकी पर्वतरांगेतले छोटे गाव आहे. लोकवस्ती अवघी काही हजारांची. कोळशाच्या खाणींवर उभे राहिलेले आणि आता पर्यटकांना ओळखीचे झालेले हे गाव. आपल्याकडे गावात तालीम असते, क्रिकेटचे मैदान असते, तसे तिकडे प्रत्येक गावात नगरपालिकेचे बर्फाचे क्रीडागार असते. तिथे मुले स्केटिंग आणि हॉकी खेळतात, प्रौढ माणसे कर्लिंग खेळतात. कर्लिंग म्हणजे गुळगुळीत ग्रॅनाइटचे जड दगड बर्फावरून घसरवत नेमक्या वर्तुळात थांबवायचे आणि त्यांच्या पुढचा बर्फ झाडूने घासत जायचे. खेळ साधा, पण गाव एकत्र येण्याचे ते ठिकाण असते.

१७ ऑक्टोबर २०१७ रोजी फर्नीच्या मेमोरियल अरिना या क्रीडागारात अमोनिया वायूची गळती झाली. यंत्रखोलीत तिघांचा मृत्यू झाला. दोघे नगरपालिकेचे कर्मचारी होते, तिसरा शीतयंत्रे दुरुस्त करायला आलेला तंत्रज्ञ. मेलेल्यांत एकही खेळाडू नव्हता, एकही प्रेक्षक नव्हता. आसपासच्या रहिवाशांना काही दिवस घरे सोडून राहावे लागले.

बातमीत एवढेच येते, 'गॅसगळतीत तिघांचा मृत्यू'. आपण वाचतो आणि पान उलटतो. पण हा गॅस तिथे कसा आला, तोच का आला आणि माहीत असूनही त्याला कुणी अडवले का नाही, हे पाहायचे तर बरेच मागे जावे लागते. आपल्या मोहल्ल्यातल्या कल्हईवाल्यापर्यंत.

कल्हईवाल्याचा पांढरा धूर

माझ्या लहानपणी मोहल्ल्यात कल्हईवाले चाचा यायचे. जमिनीत छोटा खड्डा करून भट्टी पेटवायचे, चामड्याचा भाता लावायचे. आमची आई आणि शेजारच्या काकू घरातली तांब्या-पितळेची भांडी घेऊन यायच्या. भांडे तापले की चाचा त्यात चिमूटभर पांढरी पूड टाकून कापसाच्या बोळ्याने फिरवायचे. भसकन पांढरा धूर उठायचा. तो वास थेट नाकातून डोक्यात जायचा, डोळ्यांत पाणी यायचे. मग कथलाची कांडी फिरली की काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे व्हायचे. आम्ही पोरे त्या धुरासाठीच उभी राहायचो आणि चाचा ओरडायचे, "दूर हो जाओ बच्चो, नौसादर है."

आई त्याच पुडीला नवसागर म्हणायची. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून हा शब्द मला फार आवडतो. अरबी-फारसीतला 'नुशादिर' उर्दूत नौशादर, नौसादर झाला आणि मराठीत आल्यावर त्याने चक्क सागराचा वेश घेतला. एकदा वर्गात विचारले, "नवसागर म्हणजे काय?" एक मुलगी म्हणाली, "सर, नवीन समुद्र." तिचे काय चुकले? परका शब्द घरात आला की भाषा त्याला आपल्या ओळखीचे कपडे घालते.

रसायनशास्त्रात नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापलेल्या भांड्यात ते फुटते. त्यातून निघणारे आम्ल धातूवरचा काळा थर खाऊन टाकते आणि सोबत अमोनिया सुटतो. डोळ्यांत पाणी आणणारा हाच तो अमोनिया.

मध्ययुगातल्या मुस्लिम रसायनविदांना या पदार्थाचे मोठे कौतुक होते. जाबिर इब्न हय्यानच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांमध्ये नुशादिरचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. नववे शतक संपताना आणि दहावे सुरू होताना होऊन गेलेला हकीम अबू बक्र अल-राझी याने पदार्थांची वर्गवारी केली, तेव्हा पारा, गंधक आणि हरताळासारख्या पदार्थांबरोबर नुशादिरला 'अरवाह' या गटात बसवले. अरवाह हे रूहचे अनेकवचन. आगीवर ठेवले की जे धातूसारखे थांबत नाही, उडून जाते, ते रूह. हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने त्याचा स्वभाव बरोबर ओळखला होता. या पदार्थाला कोंडून ठेवणे अवघड, वाट मिळाली की तो निसटणार.

पुढे युरोपात याच क्षाराला इजिप्तच्या आमोन देवाच्या नावावरून सॅल अमोनियाक म्हणू लागले. जोसेफ प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७४ च्या सुमारास त्यातून वायू वेगळा काढला आणि त्या वायूला अमोनिया हे नाव रूढ झाले.

बर्फ जहाजातून यायचा तेव्हा

थंडावा ही एकेकाळी बादशाही चैन होती. मोगल दरबारासाठी हिमालयाकडून बर्फ आणला जाई. सामान्य माणसाच्या वाट्याला माठाचे पाणी आणि वाळ्याचे पडदे. मग अमेरिकेतल्या बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून जगभर विकायला सुरुवात केली. १८३३ मध्ये त्याचे बर्फाने भरलेले जहाज चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला पोहोचले. वाटेत बराच बर्फ वितळला, तरी उरलेला पाहायला लोकांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षी मुंबईतही अमेरिकी बर्फ उतरला. कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे बर्फ साठवायला खास इमारती उभ्या राहिल्या. मद्रासची ती इमारत विवेकानंदांच्या नावाने आजही उभी आहे.

त्या बर्फात एकच जोखीम होती, ती म्हणजे वितळण्याची. नुकसान झाले तर व्यापाऱ्याचे. बर्फामुळे कुणाचा श्वास कोंडत नव्हता.

यंत्राने बर्फ करायचा तर वेगळी युक्ती लागते. पातळ पदार्थाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. हातावर स्पिरिट लावल्यावर गार वाटते ते यामुळेच. ती वाफ दाबून पुन्हा पातळ करायची, मिळालेली उष्णता बाहेर सोडायची आणि पुन्हा वाफ होऊ द्यायची. हे चक्र अखंड फिरत राहिले की एका बाजूला थंडावा मिळत राहतो. प्रश्न एवढाच, की या चक्रात फिरवायचे काय? फ्रान्सच्या फर्दिनां कारे याने १८५९ मध्ये अमोनिया वापरला. जर्मनीच्या कार्ल फॉन लिंडे याने १८७० च्या दशकात अमोनियाचे भरवशाचे दाबयंत्र बनवले. सामान्य दाबाला अमोनिया उणे ३३ अंश सेल्सिअसला उकळतो आणि उकळताना प्रचंड उष्णता शोषतो. शिवाय स्वस्त. बर्फाचे कारखाने, दारूभट्ट्या, मांसाची कोठारे, सगळीकडे तो गेला. आजही कोकण किनाऱ्यावर मासळीसाठी बर्फाच्या लाद्या करणाऱ्या कारखान्यांत सहसा तोच असतो. त्या कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्यांना हा वास वेगळा सांगावा लागत नाही.

मग बर्फ करमणुकीलाही आला. १८७६ मध्ये लंडनच्या चेल्सी भागात जॉन गॅमजी याने नळ्यांमधून थंड ग्लिसरीनचे मिश्रण फिरवून कृत्रिम बर्फाचे स्केटिंगगृह उघडले. धनिकांची हौस होती ती. पण रचना तीच, जी आज जगभर आहे. बर्फाच्या थराखाली नळ्यांचे जाळे, त्यात फिरणारा थंड द्रव आणि पलीकडच्या खोलीत त्या द्रवाला थंड करणारे यंत्र. खेळणाऱ्याला बर्फ दिसतो, खोली दिसत नाही.

विष बदलले, खोली तीच राहिली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीतकपाटे घरात शिरली, तसे या वायूंचे भय घराघरांत गेले. तेव्हा अमोनियाशिवाय सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड वापरत. तिन्ही विषारी. बर्लिनमधले एक कुटुंब शीतकपाटाच्या गळतीने झोपेतच मेल्याची बातमी आइन्स्टाइनने वाचली आणि तो अस्वस्थ झाला, असे सांगतात. त्याने लिओ झिलार्ड या तरुण सहकाऱ्याबरोबर हलते भाग नसलेले, म्हणून गळायला जागा कमी असलेले शीतकपाट शोधले. १९३० मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचे पेटंटही मिळाले. सापेक्षतेचा सिद्धांत मांडणारा माणूस कुणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या गळतीसाठी वर्षानुवर्षे डोके चालवतो, ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो.

ते कपाट बाजारात आले नाही, कारण तोवर दुसरेच उत्तर सापडले होते. अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फ्रेऑन शोधले. वास नाही, जळत नाही, विषारी नाही. १९३० मध्ये मिजलीने भर सभेत तो वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

चाळीसएक वर्षांनी, १९७४ मध्ये, मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवून दिले की हे निरुपद्रवी वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचे ओझोनचे छिद्र जगासमोर आले. १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि फ्रेऑनच्या कुटुंबाला निरोप देण्याचे ठरले. त्यांच्या जागी आलेले वायू ओझोनला त्रास देत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगाली इथे त्यांनाही कमी करण्याचा करार झाला. भारतानेही तो मान्य केला आहे.

मग उरले कोण? जुना अमोनियाच. ओझोनला धक्का नाही, हवामानाला धक्का नाही. मोठ्या क्रीडागारांत आणि शीतगृहांत त्याला आज पर्यावरणाचा मित्र म्हणतात आणि ते खरेही आहे. पण तो पृथ्वीचा मित्र असला तरी बंद खोलीतल्या माणसाचा मित्र नाही, हे त्याच वाक्यात सांगायला हवे.

अमोनियाचा एक गुण मात्र मान्य केला पाहिजे. तो चोरपावलांनी येत नाही. अगदी थोडा सुटला तरी नाकाला कळतो. कामाच्या जागी दिवसभरासाठी हवेच्या दशलक्ष भागांत २५ भाग ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानतात. ३०० भागांना जीव धोक्यात आला असे समजून बाहेर पडायचे असते. काही हजारांवर गेला की पळायलाही वेळ मिळत नाही. त्याला पाण्याची ओढ आहे आणि माणसाचे डोळे, घसा, फुप्फुसे सगळी ओली असतात. उलट फ्रेऑनसारखे वायू बिनवासाचे आणि हवेपेक्षा जड. ते तळघरात, खड्ड्यात साचतात, प्राणवायूला बाजूला सारतात आणि माणसाला कळायच्या आत तो कोसळतो. म्हणजे बिनविषारी म्हटलेला वायूही बंद खोलीत जीव घेऊ शकतो.

फर्नीत नेमके काय चुकले

आता पुन्हा फर्नीकडे. ब्रिटिश कोलंबियाच्या तांत्रिक सुरक्षा यंत्रणेने २०१८ च्या जुलैमध्ये चौकशी अहवाल प्रसिद्ध केला. त्यातून जी गोष्ट समोर येते, ती स्फोटाची नाही, घातपाताची नाही. ती चालढकलीची आहे.

अशा क्रीडागारात अमोनिया थेट बर्फाखाली नेत नाहीत. यंत्रखोलीतल्या चिलर नावाच्या भांड्यात तो ब्राइनला थंड करतो. ब्राइन म्हणजे क्षार विरघळवलेले, न गोठणारे पाणी. ते बर्फाखालच्या नळ्यांतून फिरते. अमोनिया आणि ब्राइन यांच्यामध्ये फक्त चिलरमधल्या नळ्यांची धातूची भिंत असते. फर्नीतला कर्लिंगच्या बाजूचा चिलर तीस वर्षांहून जुना होता. तो बदलावा असा सल्ला २०१० मध्येच मिळाला होता. २०१३ मध्ये बदलायचे ठरलेही होते. मग काम पुढे ढकलले गेले आणि ढकलतच राहिले.

२०१७ च्या वसंतात ब्राइनची तपासणी झाली, तेव्हा त्यात अमोनिया सापडला. म्हणजे गंजलेल्या नळीला कुठेतरी बारीक छिद्र पडले होते. हंगाम संपला म्हणून यंत्र बंद झाले. उन्हाळा गेला. ऑक्टोबरमध्ये नवा हंगाम आला आणि तोच गळका चिलर पुन्हा सुरू केला गेला. १७ तारखेला पहाटे अमोनियाचा गजर वाजला. कर्मचारी आले, यंत्र थांबवले, हवा खेळती केली, दुरुस्तीसाठी माणूस बोलावला. पण ब्राइनच्या बाजूला शिरलेला अमोनिया नळ्यांत दाब वाढवत होता. त्या दाबाने ब्राइनच्या नळीचा एक जोड सुटला आणि कोंडलेला अमोनिया एकदम खोलीत आला. खोलीत तीन माणसे होती.

छिद्र बारीक होते. पण चिलर बदलण्याचा सल्ला आणि तीन मृत्यू यांच्यामध्ये सात वर्षे होती. प्रत्येक वर्षी कुठल्यातरी बैठकीत कुणीतरी म्हटले असेल, "यंदा चालतंय ना? मग पुढच्या वर्षी बघू." या वाक्याला कॅनडाचा मक्ता नाही. आपल्या नगरपालिका, आपल्या शाळा, आपले मदरसे, आपली लग्नाची कार्यालये, सगळीकडे हे वाक्य मी ऐकले आहे. पाण्याच्या टाकीची गंजलेली शिडी, विजेच्या पेटीचे उघडे दार, मुदत संपलेले अग्निशामक नळकांडे. 'पुढच्या वर्षी बघू.'

उद्घाटनाला नेते येतात, फोटो निघतात, पाटीवर नावे कोरली जातात. पण गंजलेली नळी वेळेवर बदलली म्हणून कुणाचा सत्कार झालेला मी पाहिला नाही. जे काम दिसत नाही त्याला अंदाजपत्रकात शेवटची ओळ मिळते आणि कात्री तिथूनच फिरायला लागते. सार्वजनिक इमारत ही अमानत असते असे आपण म्हणतो. अमानत सांभाळायची म्हणजे भिंत रंगवायची नव्हे, भिंतीमागची नळी तपासायची.

दाराआडची माणसे

फर्नीनंतर त्या प्रांतात जुन्या क्रीडागारांची तपासणी झाली, गळका चिलर चालवू नये, यंत्रे वेळीच बदलावीत, कर्मचाऱ्यांना नीट प्रशिक्षण द्यावे, हे पुन्हा बजावले गेले. काही ठिकाणी अमोनियाऐवजी दुसरे पर्याय येत आहेत. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये वेगवान स्केटिंगच्या मैदानाचा बर्फ कार्बन डायऑक्साइडवर तयार केला होता. तोही बंद खोलीत साचला तर घातकच. मुद्दा वायूच्या नावाचा नाही, त्या खोलीकडे लक्ष देण्याचा आहे.

आपल्याकडे बर्फाचे हॉकी मैदान क्वचितच. पण मॉलमधली हिमदालने वाढत आहेत, जलविहार वाढत आहेत, गावोगावी शीतगृहे आहेत. तिथे काम करणारा बहुतेक कंत्राटी असतो. त्याला वायूचे नाव माहीत असणे, गजर चालू असणे, दार बाहेरच्या बाजूला उघडणे, संरक्षक मुखवटा हाताशी असणे, या चैनीच्या गोष्टी नव्हेत. आणि आपल्यासारख्यांनी एवढे लक्षात ठेवावे : असा झणझणीत वास आला तर काय झाले ते बघायला जाऊ नये, वाऱ्याच्या उलट्या दिशेला, वास मागे टाकत निघावे. डोळ्यांत गेला तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे. आत कुणी पडलेला दिसला तरी मुखवट्याशिवाय धावू नये, अग्निशमन दलाला बोलवावे. अशा खोल्यांत वाचवायला गेलेलाही पडतो.

कल्हईवाले चाचा कधीचे अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्याकडे गजर नव्हता, अहवाल नव्हता. त्यांना एवढेच माहीत होते की या पुडीतून काय निघते, म्हणून ते भट्टी उघड्यावर लावायचे आणि आम्हा पोरांना दूर हाकलायचे. रोज ज्या गोष्टीशी गाठ आहे तिचे नाव आणि स्वभाव त्यांना ठाऊक होते.

त्या मॉलमधल्या तरुणाला मात्र कुणी सांगितलेच नव्हते. यंदाही सहल ठरते आहे. मुलांनी पुन्हा बर्फाची मागणी केली आहे. मी नाही म्हणालेलो नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने एक पत्र त्या दालनाच्या व्यवस्थापनाला पाठवले आहे, त्यात तीनच प्रश्न आहेत : आत वायू कुठला आहे, गजर शेवटचा कधी तपासला आणि तुमच्या कर्मचाऱ्यांना हे माहीत आहे का? उत्तर आले की मुलांची नावे लिहायला घेईन.